चूल वेगळी केली म्हणजे घर फोडलं का?

"ताई, मी वाळवा तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ३४, लग्नाला तेरा वर्षं झाली. घरात नऊ माणसं: मामा, आत्या (सासरे-सासू), आम्ही दोघं, आमची दोन मुलं, धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची मुलगी. मालक शेती बघतात, अडीच एकर ऊस आणि दोन म्हशी. दीर एमआयडीसीत, जाऊ तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरीला. मी पाचला उठते, शेण, धारा, मग नऊ जणांचा स्वयंपाक, डबे, दुपारी रानात, संध्याकाळी परत तेच. जावेबरोबर कामाची पाळी लावून बघितली, तीन आठवडे टिकली. मागच्या महिन्यात अंगात ताप असताना भाकऱ्या थापल्या, कुणी विचारलं नाही. रविवारी जावेनं विकतचं पीठ आणून इडल्या केल्या, स्टेटसला फोटो टाकला, मामा म्हणाले आज जेवल्यासारखं वाटलं. त्या रात्री मी मालकांना म्हटलं मला सवती चूल मांडायची. ते म्हणाले घर फोडणारी म्हणून नाव होईल. आत्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी चुकतेय का? आणि एक, आत्यांच्या माहेरची लाकडी काटवट आहे, भाकरीचं पीठ मळायची, ती तेरा वर्षं मीच वापरते. चूल वेगळी झाली तर ती कुणाकडं जाईल म्हणून मला रडू येतं, हे तुम्हाला वेडेपणाचं वाटेल."
– थोरली

प्रिय थोरली,

पत्र दोनदा वाचलं. आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलू. तू चुकत नाहीयेस. चूल वेगळी कर. फक्त ती रागारागात एका रात्रीत होते तशी नको, आणि तिच्या आधी एक गोष्ट मिटवून घ्यायला लागेल जी तू पत्रात लिहिलीच नाहीस, दुधाचं बिल कुणाच्या खात्यावर जमा होतं ते. त्यावर येते मी खाली.

मी साताऱ्यात एका कॉलेजात २६ वर्षं समाजशास्त्र शिकवलं. दरवर्षी कुटुंबाचा धडा आला की वर्गात विचारायची, कुणाकुणाचं एकत्र कुटुंब आहे, हात वर करा. माण, खटाव, कोरेगाव, पाटण, सगळीकडची पोरं, निम्म्याहून जास्त हात वर जायचे आणि अगदी अभिमानानं जायचे. मग मी विचारायची घरात चुली किती? तिथं जरा शांतता, मग कुणीतरी म्हणायचं दोन, कुणी तीन, एकजण म्हणालेला मॅडम आमच्यात चार हायत पण आम्ही एकत्रच हाय. ती पोरं खोटं बोलत नव्हती बरं का. त्यांच्या डोक्यात एकत्र असणं म्हणजे काय हे अगदी स्पष्ट होतं, रान एक, देव एक, सुखदुःखाला सगळे एक, आणि चूल ज्याची त्याची.

इरावतीबाई कर्व्यांनी १९५३ साली एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली ती आजही कॉलेजात शिकवतात. त्यात त्यांनी चार गोष्टी सांगितल्या, माणसं साधारण एका छपराखाली राहतात, एका चुलीवरचं खातात, मालमत्ता सामाईक असते आणि कुळाचे देवधर्म मिळून करतात, आणि अर्थातच सगळी एकमेकांच्या नात्यातली असतात. आता तू बघ, या चारातली तू वेगळी किती मागतेयस? एक. छप्पर तेच, रान तेच, देवघर तेच. नंतर आय. पी. देसाईंनी गुजरातमधल्या महुवा गावात कुटुंबांचा अभ्यास केला, १९६४ ला तो छापून आला, त्यांनाही हेच दिसलं की वेगळं राहणारी, वेगळं जेवणारी घरं जमिनीनं, देण्याघेण्यानं आणि अडीनडीच्या जबाबदारीनं एकमेकांना घट्ट बांधलेली असतात. फक्त जनगणनेवाला आला तर तो तुमची दोन कुटुंबं लिहील, कारण त्यांच्या हिशोबात एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. ते मोजायच्या सोयीसाठी आहे, त्याचं टेन्शन घेऊ नकोस.

आणि मालकांना अजून एक सांग. खानापूर-आटपाडीकडची गलाई करणारी माणसं तुमच्या पाहुण्यात असतीलच, पार केरळ-तामिळनाडूपर्यंत जाऊन सोन्याचांदीचा धंदा करतात, बायकापोरं तिकडं, चूल हजार किलोमीटर लांब, आणि यात्रेला गाडी घेऊन गावात येतात तेव्हा त्यांना कुणी घर फोडलं म्हणतं का? आपल्या साताऱ्याकडचे हजारो गडी मुंबईत गिरणीत आणि माथाडीत गेले, वर्षानुवर्षं खानावळीत जेवले, इकडं मनीऑर्डर यायची आणि घर बाया चालवायच्या, १९८२ चा संप झाला तेव्हा त्यातले कितीतरी हात हलवत परत आले आणि त्याच घरांनी त्यांना सामावून घेतलं. त्यांची चूल वेगळीच होती की इतकी वर्षं. गडी हजार कोसावर चूल मांडतो तेव्हा ते पोटासाठी असतं आणि बाई दहा फुटावर मांडते तेव्हा ते घर फोडणं होतं, ह्या हिशोबाचा मला फार राग येतो, आणि तो राग मी तुझ्यापासून लपवत नाही.

लोक म्हणतात पूर्वी कशी तीन-तीन पिढ्या गुण्यागोविंदानं एका चुलीवर जेवायच्या. थोड्या मोठ्या जमीनदार घरात असेल तसं. पण १९५१ च्या सुमाराला आपल्या देशात सरासरी आयुर्मानच ३२ च्या आसपास होतं, त्यात लहानपणी जाणारी पोरं फार होती हे धरलं तरी आजी-आजोबा, दोन मुलं, दोन सुना, नातवंडं हे सगळे एकाच वेळी जिवंत आणि एका ताटावर असण्याची वर्षं फार थोड्या घरांना मिळायची. घर वाढतं, पोरांची लग्नं होतात, काही वर्षं सगळे एकत्र, मग वेगळे निघतात, मग त्यांची घरं वाढतात. हे असंच चालत आलंय. तुमचं घर त्याच टप्प्यावर आलंय, तू आणलं नाहीयेस.

आता कामाचं बोलू, कारण मुळात तेच दुखणं आहे. सरकारनं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचा सर्व्हे केला होता, सहा वर्षांवरच्या माणसांचा. त्यात दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या बायका शंभरात ८१ निघाल्या आणि पुरुष २६. आणि हात लावणाऱ्यांचा सरासरी वेळ, बायकांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. म्हणजे बायकांचे जवळजवळ पाच तास. ही सरासरी झाली, तुझ्या पत्रावरून मी तुझे तास मांडून बघितले तर नुसता स्वयंपाक, भांडी, डबे, झाडलोट धरून सात तास होतात आणि धारा, शेण, वैरण, रान अजून त्यात धरलंच नाही. आणि एवढं करून तुझ्या वाट्याला काय शब्द येतो तर "ती घरीच असते". इडलीचं मला मनापासून कळलं गं. मामांना कदाचित कळलंही नसेल ते काय बोलले. रोजची भाकरी ही पाण्यासारखी झालेली असते, नळाला पाणी आलं तर कुणी बोलत नाही. तुला इडली खटकली नाही, तापातल्या भाकरीचा कुणी उच्चार केला नाही ते खटकलं.

पण जावेवर राग काढू नकोस, हे मी कळकळीनं सांगते. ती सकाळी एसटीला लोंबकळत जाते, पतसंस्थेत वसुलीचं टेन्शन घेऊन दिवसभर बसते, सातला घरी येते तेव्हा तिच्यातही काही उरलेलं नसतं. तिचा पगार दिसतो म्हणून तिला किंमत, तुझं काम दिसत नाही म्हणून तुला नाही, हे तिनं ठरवलेलं नाहीये. पाळी तीन आठवड्यात का मोडली? कारण तुमच्या दोघींच्या पाळीत दोन्ही भावांचं नाव कुठंच नव्हतं. नऊ माणसांचं काम दोन बायकांत वाटायचं आणि मग कोण कमी कोण जास्त यावर त्या दोघींनीच भांडायचं, असल्या वाटणीत कुणाचंच समाधान होत नाही.

आत्यांचं जरा सावकाश समजून घे. आपल्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा का म्हणतात माहितीय ना, मामाच्या पोरीशी लग्न करायची आपल्या भागातली जुनी रीत, म्हणजे येणारी सून ही सासूच्या भावाची लेक, तिच्या स्वतःच्या माहेरची. आता तशी लग्नं कमी झाली पण शब्द राहिला आणि शब्दाबरोबर अपेक्षा राहिली. तू सवती चूल म्हणालीस तेव्हा आत्यांनी ते "भाची मला सोडून चालली" असं ऐकलं असणार. दुसरं असं की त्या सून म्हणून आल्या तेव्हा त्यांनी त्यांच्या सासूचं सगळं सोसलं, उपाशी राहिल्या, बोलणी खाल्ली, ह्या एकाच हिशोबावर की पुढं कधीतरी चुलीच्या खोलीत आपला शब्द चालेल. डेनिझ कँडियोटी नावाच्या बाईंनी १९८८ साली यावर लिहिलंय, पुरुषसत्तेतल्या घरात तरुणपणी सोसायचं आणि म्हातारपणी सुनेवर अधिकार मिळवायचा असा एक न बोललेला सौदा बायका करतात, आणि नेमका वसुलीचा काळ येतो तेव्हा काळ बदलतो आणि सौदा बुडतो. आत्यांचा चार दिवसांचा अबोला मला त्यातला वाटतो. त्यांच्याशी भांडू नकोस. पण त्यांचा बुडलेला सौदा तू तुझं आयुष्य घालून फेडायचा असंही नाही.

माझ्या माहेरी, कोरेगाव तालुक्यात, १९७९ साली आई आणि चुलतीची चूल वेगळी झाली, मी तेव्हा नववीत होते. आजी दोन दिवस जेवली नाही. पण आजोबांनी एक केलं, सुगी संपल्यावर सगळ्यांना बसवून सांगितलं की पुढच्या पाडव्यापासून दोन चुली, आणि दोन महिने आधी सांगितलं. त्या दोन महिन्यात धान्य कसं घ्यायचं, पाणी कोण भरणार, पाहुणा आला तर कुणाकडं, सगळं बोलून झालं. पाडव्यानंतर महिनाभरात मधल्या दारातून भाजीच्या वाट्या जायला यायला लागल्या, आई आणि चुलती आधी एका खोलीत असून बोलत नव्हत्या, त्या आता दारात उभ्या राहून तासतास बोलायच्या. त्याच गल्लीत दुसऱ्या एका घरात भांडण होऊन एका रात्रीत भांडी बाहेर आली, पंचवीस माणसांसमोर. ते भाऊ पुढं अकरा वर्षं बोलले नाहीत, बापाच्या दहाव्याला घाटावर बोलले. वेगळी तर दोन्हीकडं झाली होती.

म्हणून तूही घाई करू नकोस. आधी मालकांशी बोल, एकटी, शांतपणे, गोठ्यात नाहीतर रानात, जिथं तिसरं कुणी नाही. "वाटणी" हा शब्द तोंडातून काढू नकोस, त्या शब्दानं भावाभावांच्या पोटात गोळा येतो आणि मग चुलीचं राहतं बाजूला. फक्त चूल म्हण. मग मालक आणि दीर यांनी मिळून मामा-आत्यांशी बोलायचं, तू आणि जावेनं नाही. लेकांनी आईबापाला सांगायची गोष्ट आहे ही, सुनांनी सांगितली की तीच सुनांच्या माथी बसते. सणाच्या तोंडावर काढू नका, पाहुण्यात किंवा भावकीत आधी बोलू नका. ऊस तुटून गेला, बिलं आली, जरा हातात पैसा आणि वेळ दोन्ही असतो तेव्हा बसा.

कायद्याची भीती कुणी घातली तर ऐकून घे आणि सोडून दे. हिंदू एकत्र कुटुंब म्हणजे अन्नात, पूजेत आणि मालमत्तेत एकत्र असं कायदा धरून चालतो, पण नुसतं जेवण वेगळं झालं म्हणून जमिनीची वाटणी झाली असं ठरत नाही, कोर्टांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. जमिनीची वाटणी हा वेगळा विषय, त्याला तहसील आहे, कागद आहेत, आणि नणंद असेल तर तिचाही हिस्सा आहे, २००५ पासून मुलगीही जन्मानं हिस्सेदार आहे. तो विषय आत्ता काढूच नका. कुणी पाहुणा शहाणपणा करून "एकदा लिहून टाका" म्हणाला तर वकिलाला दाखवल्याशिवाय मालकांनी कशावरही सही करू नये.

सगळ्यात अवघड पुढं आहे. मामा आणि आत्या कुणाकडं जेवणार? आपल्याकडं याची एक वाईट चाल आहे, म्हातारा एकाकडं, म्हातारी दुसऱ्याकडं, नाहीतर महिना याच्याकडं महिना त्याच्याकडं. मी एक आजोबा बघितलेत, महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी आपलं ताट-तांब्या स्वतः उचलून दुसऱ्या लेकाच्या सोप्यात जाऊन बसायचे. आईबापाची वाटणी करू नका. काही झालं तरी नका करू. दोघांना एकत्र ठेवा आणि कुणाकडं जेवायचं ते त्यांनाच ठरवू दे. तुझ्याकडं जेवणार असतील तर दिरानं महिन्याला ठरलेले पैसे द्यायचे, उपकार म्हणून नव्हे, लेक म्हणून. आईवडिलांना सांभाळणं ही मुलांची कायद्यानं जबाबदारी आहे, २००७ चा कायदाच आहे तसा, आणि ती दोघा लेकांची आहे, थोरल्याच्या बायकोची एकटीची नाही. आणि अजून एक पर्याय कुणी विचारत नाही, तो विचार. आत्यांना स्वतःची तिसरी छोटी चूल हवीय का? आपल्या गावांमधून कितीतरी घरात असं असतं, दोन लेकांच्या दोन आणि म्हातारा-म्हातारीची एक, एका शेगडीची, सकाळचा चहा आणि संध्याकाळची आमटी त्यांची त्या करतात, भाकरी थोरलीकडून जाते. आत्यांचा त्यांच्या चुलीवरचा शब्द शाबूत राहतो. कितीतरी म्हाताऱ्या त्यात खूश असतात.

देवघर एकच ठेवा. यात्रा, जागरण-गोंधळ, श्राद्ध, हे सगळं एकत्र. बेंदराला बैलांची ओवाळणी एकत्र आणि पोळ्या दोन्ही चुलींवर होऊ दे. धान्य घरच्या रानातलं माणसं मोजून वाटून घ्या, गॅसचं कनेक्शन जावेनं तिच्या नावावर घ्यावं, लाइटबिल निम्मं निम्मं. ह्यात फार खोल जात नाही, तुम्ही करून घ्याल.

आता दूध. दोन म्हशींच्या धारा तू काढतेस, वैरण तू आणतेस, डेअरीला कॅन घेऊन बहुतेक तुझा पोरगा नाहीतर मालक जातात, आणि दर दहा दिवसांचं बिल जमा होतं मामांच्या किंवा मालकांच्या खात्यावर, बरोबर ना? मला खात्री आहे, कारण शंभरातल्या नव्वद घरात मी तेच ऐकलंय. नुसती चूल वेगळी झाली तर नऊ जणांच्या भाकऱ्या चार-सहा जणांवर येतील, हात थोडा मोकळा होईल, पण "ती घरीच असते" तसंच राहील. घरात जावेच्या पगाराला जो मान आहे तो तुझ्या धारांना हवा असेल तर डेअरीचं सभासदत्व आणि खातं तुझ्या नावावर झालं पाहिजे. मालकांना चूल मांडायच्या आधी ही गोष्ट सांग. एवढ्यासाठी त्यांना गावाला तोंड द्यावं लागणार नाही, डेअरीत जाऊन एक अर्ज द्यायचाय. ह्याला ते काय म्हणतात त्यावरून तुला पुढचं सगळं कळेल. आणि सकाळची एक धार त्यांनी काढायची. शेतकरी माणूस आहे, म्हैस त्यांनाही ओळखते.

ते नाही म्हणाले तर मला परत लिही, तेव्हा वेगळं बोलू.

राहिली काटवट. वेडेपणाचं अजिबात वाटलं नाही मला. तेरा वर्षं ज्या लाकडात रोज पीठ मळलं त्याला तुझ्या हाताचा खळगा पडला असेल. पण ती आत्यांच्या आईची आहे, तेव्हा वाटपात तिचं नाव येऊच देऊ नकोस. बैठकीच्या आदल्या दिवशी ती स्वच्छ धुऊन, पुसून आत्यांच्या हातात नेऊन दे आणि सांग, ही तुमची, तुम्ही म्हणाल तिथं राहील. मग काही बोलू नकोस. त्यांनी तुझ्याकडं परत दिली तर घे, आणि ठेवून घेतली तर त्यांच्या शेगडीशेजारी असू दे, भाकरी करायला तू तिकडं जाशीलच.

– ताई